आठ महिने, तीन गट आणि एक मळलेलं पान: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मोफत नियमांचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ: प्रत्येक जण एक पात्र होतो, लढाया फाशांवर ठरतात, आणि आमच्याकडे तो मी चालवतो. परवा त्याच्या नियमांच्या प्रतीचं स्पायरल तुटलं आणि एक पान सुटून खाली पडलं. कोपरे दुमडलेले, मधोमध चहाचा डाग, पेन्सिलीच्या खुणा. वर पाहिलं तर हीलिंग वर्ड या जखम भरणाऱ्या मंत्राचं पान. आठ महिन्यांत याच पानावरून सर्वांत जास्त वाद झाले, आणि पात्रं कशी निवडायची हे मला कळलं तेही याच पानामुळे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पैशांचं सांगतो. मी पुस्तक विकत घेतलेलं नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहेत. चारशेच्या वर पानं आहेत, पण त्यातली वर्गांची (म्हणजे पात्रांच्या प्रकारांची) व लढाईची प्रकरणं आणि मंत्र एवढंच पाठपोट छापून घेतलं. मोफत प्रतीत बाराही वर्ग आहेत, फक्त प्रत्येकाचा एकच उपवर्ग मिळतो. आमच्या घरच्या रविवारच्या खेळाला तेवढं पुरून उरलं. कमी पडलं ते एकाच ठिकाणी, त्याबद्दल पुढे.

पहिला गट अगदी शास्त्रोक्त: फायटर (लढवय्या), रोग (चोर), विझार्ड (जादूगार) आणि क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी). क्लेरिक कोणालाच नको होता. शेवटी मामेबहिणीच्या गळ्यात पडला, कारण ती उशिरा आली. “कोणीतरी जखमा भरायलाच हव्यात” असं मीच तिला सांगितलं. तिने लाइफ डोमेन हा उपवर्ग घेतला, त्यात क्युअर वूंड्स हा बरं करण्याचा मंत्र आपोआप तयार असतो, म्हणून ती तोच वापरायची. पण त्याला हात लावावा लागतो आणि पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते. म्हणजे तिची खेळायची पाळी आली की पडलेल्याकडे धावायचं, हात लावायचा, संपलं. पाच रविवार तिने एकही गदा फिरवली नाही. सहाव्या रविवारी म्हणाली, “दादा, मी खेळतेय की दवाखाना चालवतेय?” आणि पुढचे दोन रविवार आलीच नाही.

तेव्हा मी ते पान नीट वाचलं. हीलिंग वर्ड साठ फुटांवरून चालतो, नुसता उच्चार पुरतो, आणि लागते ती बोनस ॲक्शन, म्हणजे जोडीची छोटी कृती. म्हणजे त्याच पाळीत गदाही मारता येते किंवा सेक्रेड फ्लेमसारखा साधा मंत्रही टाकता येतो. पहिल्या पातळीवरचा तिचा हिशेब केला: क्युअर वूंड्सने सरासरी साडेदहा हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) परत येतात, हीलिंग वर्डने साडेआठ. दोन पॉइंटांसाठी तिची अख्खी पाळी जात होती! फक्त लाइफ डोमेनच्या आयत्या यादीत हीलिंग वर्ड नसतो, तो वेगळा निवडून तयार ठेवावा लागतो. आम्ही तो निवडलाच नव्हता.

मला याचा खरंच राग आला. जो मंत्र नव्या खेळाडूच्या हाती आधी पडायला हवा, तो त्याला स्वतः शोधावा लागतो.

दुसरा गट मी मुद्दाम क्लेरिकशिवाय बसवला, कारण कोणावर काही लादायचं नव्हतं. बार्बेरियन (रानटी लढवय्या), रोग, रेंजर (रानात वावरणारा), सॉर्सरर (उपजत जादूवाला). पहिल्या पातळीवर यातल्या एकालाही जखम भरता येत नाही. रेंजरला मंत्रच दुसऱ्या पातळीपासून मिळतात. जंगलातल्या वाटेवर मी चार गॉब्लिन (छोटे राक्षस) दबा धरून बसवले. चाळीस मिनिटांत चौघेही मेले. सॉर्सररचे हिट पॉइंट नऊ, गॉब्लिनचा एक घाव सरासरी साडेपाचचा, दोन घावांत तो आडवा. मग डेथ सेव्ह: दर पाळीला वीस बाजूंचा फासा, दहा किंवा वर आलं तर यश, तीन अपयशांत मरण. त्याला उठवायला कोणीच नव्हतं.

त्या रात्री मी वहीत लिहिलं होतं: ‘बरं करणारा नसेल तर खेळ सुरूच करू नये.’ दोन महिने मी हेच सगळ्यांना ठासून सांगत होतो. आता ते मागे घेतो.

झालं असं की खेळ चालवणाऱ्यासाठीच्या मोफत नियमांत चकमकीचं गणित आहे आणि ते मी उशिरा करून पाहिलं. पहिल्या पातळीच्या चार पात्रांसाठी मध्यम चकमक 200 एक्सपीची (अनुभवाच्या गुणांची) आणि जीवघेणी 400 ची. एक गॉब्लिन 50 चा. चार म्हणजे 200, पण शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे. झाले 400. मी मध्यम समजून जीवघेणी चकमक मांडली होती. दोन गॉब्लिन ठेवले असते तर दीडपटीने 150 झाले असते आणि चौघे निभावून गेले असते. शिवाय गॉब्लिन दबा धरून होते आणि आमच्यातल्या एकाकडेही पर्सेप्शन, म्हणजे आजूबाजूचं टिपण्याचं कौशल्य, नव्हतं. गट मेला तो माझ्या गणितामुळे आणि या आंधळेपणामुळे. क्लेरिक नसणं हे त्यानंतरचं कारण.

आणि एक गोष्ट अजून डाचते. हीलर्स किट पाच सोन्याच्या नाण्यांना मिळतं, दहा वेळा वापरता येतं. पडलेला माणूस त्याने शुद्धीवर येत नाही, पण मरायचा थांबतो, फासाही टाकावा लागत नाही. अख्ख्या सामानाच्या यादीत इतकी वसूल वस्तू दुसरी नसेल. जखम भरण्याचं औषध पन्नास नाण्यांना एक घोट. आमच्या चौघांनी मिळून तीन दोरखंड घेतले होते, किट एकानेही घेतलं नव्हतं.

आता तो कमी पडलेला भाग. मोफत नियमांत पार्श्वभूमी एकच आहे, अकोलाइट, म्हणजे देवळात सेवा केलेला. पहिल्या दोन्ही गटांत आमचा चोरसुद्धा देवळात वाढलेला आणि बार्बेरियनसुद्धा. मी यावर फार चिडलो होतो, पुस्तक घ्यायलाच लावतात असं वाटलं. नंतर त्याच प्रकरणात, त्याच पानांवर, पार्श्वभूमी आपल्याला हवी तशी बदलायचा परिच्छेद सापडला: कोणतीही दोन कौशल्यं निवडा आणि दोन भाषा किंवा अवजारं घ्या. हा परिच्छेद मला हीलिंग वर्डइतकाच मोलाचा वाटतो. आता मी एका कागदावर अठराही कौशल्यं लिहितो आणि पात्रं करताना प्रत्येकापुढे कोणाचं तरी नाव येतं का ते पाहतो. पर्सेप्शनपुढे दोन नावं हवीतच. मोकळी राहिलेली जागा पार्श्वभूमीतून भरायची.

फासे टाकून पात्रांचे गुण ठरवणं आम्ही सोडलं. भाच्याला 18 आणि 17 आले, त्याच्या आईला सर्वांत वरचा 13. घरात दोन दिवस अबोला. आता सगळ्यांना सारखेच: 15, 14, 13, 12, 10, 8.

तिसरा गट बार्ड (जादू करणारा गायक), पॅलाडिन (धर्मयोद्धा), विझार्ड आणि बार्बेरियनचा. बार्बेरियन मामेबहीण खेळते, तिने स्वतः मागून घेतली. बरं करायचं काम कोणा एकाचं नाही. बार्डकडे हीलिंग वर्ड आहे, सरासरी साडेपाच पॉइंट देतो, म्हणजे बरोबर एका गॉब्लिनच्या घावाएवढा. हे लक्षात आल्यावर आम्ही एक ठरवलं: उभ्या माणसावर मंत्र घालवायचा नाही, पडलेल्यावरच टाकायचा. पॅलाडिनकडे ले ऑन हँड्सचे (हात लावून बरं करण्याचे) पातळीच्या पाचपट पॉइंट असतात आणि एक पॉइंट दिला तरी पडलेला उठतो. आता सगळे चौथ्या पातळीवर आहेत, म्हणजे त्याच्याकडे वीस. तो ते एकेक करून वापरतो, आणि माझ्या जिवाला बरं वाटतं.

हे वाटप नवं आहे अशातला भाग नाही. 1974 च्या पहिल्या खेळात वर्गच तीन होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, चोर 1975 च्या पुरवणीत आला. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तर चार भूमिकांना नावंच दिली होती. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ती नावं गेली, पण टेबलावर बसलेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न तोच राहिला: हीलर कोण?

2024 च्या सुधारित नियमांत हीलिंग वर्ड चार बाजूंच्या दोन फाशांचा झाला आणि क्युअर वूंड्स आठ बाजूंच्या दोन फाशांचा. फरक दोनावरून चार पॉइंटांवर गेला, त्यामुळे हात लावून बरं करण्याला थोडा अर्थ आला. चांगला बदल आहे. पण माझी प्रत छापून झालीय आणि चालू मोहीम जुन्याच नियमांवर संपवणार.

गेल्या रविवारी पुलावरच्या लढाईत बार्बेरियन पडली. बार्ड पलीकडच्या काठावर होता, चाळीस फुटांवर. त्याने तिथून तिच्या नावाने हाक मारली, तोच मंत्र, आणि त्याच पाळीत बाणही सोडला. मामेबहीण उठली, तिची पाळी लगेच होती, कुऱ्हाड चालवली आणि वीस पडले. ती खुर्चीवरून उठून ओरडली, आत झोपलेले आजोबा जागे झाले. रात्री साडेआठपर्यंत ती हलली नाही.

सुटलेलं पान चिकटपट्टीने चिकटवलंय. त्याची एक झेरॉक्स बार्डला दिली, आणि प्रत्येकाच्या पात्राच्या कागदावर सामानात पहिल्या ओळीला हीलर्स किट माझ्या हाताने लिहून ठेवलं.