सर्व्हेसाठी घेतलेली डिजिटल बीपी मशीन: मशीन बरी आहे, कफचं तेवढं बघा

आधीच सांगते, मी मेडिकल कॉलेजला पीएसएम (म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषय) शिकवते, त्यामुळे हा "बाबांसाठी घेतली, डिलिव्हरी वेळेत आली, पॅकिंग छान" टाइपचा रिव्ह्यू नाही. आमच्या डिपार्टमेंटने गावातल्या बीपीच्या सर्व्हेसाठी या मशीन्स घेतल्या, इंटर्न वापरतात, आशाताई वापरतात आणि नंतर तो डेटा माझ्या डोक्यावर येऊन बसतो. साधी दंडाला पट्टा, म्हणजे कफ, बांधायची मशीन, चार पेन्सिल सेलवर चालते, दोन-अडीच हजाराची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण एकाच कंपनीचं एक मॉडेल नीट तपासलेलं असतं आणि त्याच्याच शेजारी ठेवलेलं दुसरं नसतं, नावावरून काहीही कळत नाही. कळतं ते मॉडेल नंबरवरून. स्ट्राइड बीपी म्हणून फुकट वेबसाइट आहे, तिथे नंबर टाकायचा, यादीत असेल तर पुढे जायचं. या तपासणीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात साधारण ८५ माणसांवर मशीनचं रीडिंग प्रशिक्षित माणसांनी स्टेथोने घेतलेल्या रीडिंगशी ताडून बघतात आणि सरासरी फरक ५ च्या आत असावा लागतो. खरेदी विभागाला हे पटवणं हा वेगळा विषय. त्यांच्या लेखी डिजिटल बीपी मशीन म्हणजे डिजिटल बीपी मशीन, सगळ्यात कमी रेट कोणाचा तेवढं सांगा.

आमच्या मेडिसिनच्या सिनियर लोकांना अजून पाऱ्याचीच मशीन खरी वाटते. पण २०१३ च्या मिनामाता कराराप्रमाणे पाऱ्याच्या बीपी मशीन्स आणि थर्मामीटर २०२० पर्यंत बंद करायचं ठरलं होतं, म्हणजे हे आज ना उद्या होणारच होतं, आणि खरं सांगू का, सर्व्हेसाठी मला पाऱ्याची नकोच होती. कारण तो शेवटचा शून्य. कुठल्याही ओपीडीचं जुनं रजिस्टर उघडा, १२०/८०, १३०/८०, ११०/७०, पानंच्या पानं शून्यच शून्य. पाऱ्याच्या पट्टीवर २-२ च्या रेघा असतात, म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ यातला कुठलाही यायला पाहिजे आणि शून्य जेमतेम २० टक्के वेळा. प्रत्यक्षात मोजणारा मनातल्या मनात गोल करून टाकतो. एका पेशंटला १३८ चं १४० लिहिलं तर आभाळ कोसळत नाही, डॉक्टर बघून घेतो. पण सर्व्हेत १४० ही बीपी आहे-नाही याची सीमारेषा आहे आणि गावातली बरीच माणसं नेमकी त्या रेषेच्या आसपासच असतात, त्यामुळे इकडचे दोन तिकडे झाले की टक्केवारीच बदलते आणि पेपरात छापून येतं की अमुक तालुक्यात बीपीचा उद्रेक. मशीन निदान गोल तरी करत नाही. १३७ आलं की १३७.

पण म्हणून तिला देव मानू नका. ही मशीन स्टेथोसारखे आवाज ऐकतच नाही. पट्ट्यातली हवा सोडताना नाडीमुळे जी थरथर होते ती मोजते, थरथर सगळ्यात जास्त कुठे आहे ते बघते आणि त्यावरून वरचं-खालचं बीपी गणिताने काढते, आणि ते गणित कंपनीचं गुपित असतं. नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनवाले पेशंट, तर आकडा कमी भरवशाचा, स्क्रीनवर अनियमित ठोक्यांचं चिन्ह आलं की आम्ही स्टेथोने घेतो. गरोदर बायकांसाठी तर वेगळी तपासणी झालेली मशीन लागते कारण प्रीएक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) बऱ्याच मशीन्स बीपी कमी दाखवतात, जे अगदी नको तिथेच आहे. त्यासाठी लाल-पिवळा-हिरवा दिवा लागणारी क्रेडल नावाची मशीन आहे, तिच्या मोठ्या ट्रायलमध्ये आपल्या शेजारचं कर्नाटकातलं गोकाकही होतं. आमची मशीन त्या कामाची नाही, आणि तसं आम्ही प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय.

आता कफ. बॉक्समध्ये एकच येतो, मध्यम, २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी, आणि बहुतेक लोक जन्मभर तोच वापरतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी यावर एक मस्त ट्रायल छापली, एकाच माणसाला वेगवेगळ्या मापाचे कफ लावून बघितले. ज्यांना एक्स्ट्रा लार्ज लागतो त्यांना रेग्युलर लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. एकोणीस! धडधाकट माणूस गोळ्यांवर जाईल. लार्ज लागणाऱ्यांना साधारण ५ ने जास्त, आणि ज्यांना स्मॉल लागतो त्यांना रेग्युलर लावला तर साडेतीनेकने कमी. ही शेवटची ओळ तिकडच्या बातम्यांमध्ये कोणी फारशी धरली नाही पण आपल्याकडे तीच महत्त्वाची. निंदणी-खुरपणी करणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचे दंड टेपने मोजा, २२ च्या खाली सर्रास निघतात, तो मध्यम कफ हातात फिरतो अक्षरशः, आणि बीपी असलेली बाई नॉर्मल म्हणून घरी जाते. म्हणजे एकाच गावात जाड दंडाच्या सरपंचाचं बीपी जास्त दिसणार आणि मजूर बाईचं कमी, आणि मग आम्हीच रिसर्च पेपरात लिहिणार की सधन वर्गात बीपी जास्त आहे. थोडं खरं असेल, थोडं कफचं.

तर स्मॉल आणि लार्ज दोन्ही कफ वेगळे मागवा, त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलला चालणारे. बाजारात मिळणारा कुठलाही कफ नळीत बसतो म्हणून लावू नका, मशीनचं गणित तिच्या स्वतःच्या कफवर बसवलेलं असतं. दोन्हीचे मिळून मशीनच्या किमतीएवढे पैसे जातात आणि ते बजेटमध्ये कोणी धरलेले नसतात, त्यासाठी मी एक स्टार कापलाय. बॉक्सवर ठळक अक्षरात लिहायला काय जातं कंपन्यांचं?

फिल्डमध्ये वापरायची तर अजून थोडं. डब्ल्यूएचओच्या सर्व्हेच्या स्टेप्स पद्धतीत १५ मिनिटं शांत बसवायचं, पाय एकमेकांवर नाहीत, तीन रीडिंग, मध्ये ३-३ मिनिटं, आणि दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी. वाचायला सोपं आहे. गावात माणूस जोत्यावर मांडी घालून बसलेला असतो, टेबल नसतं, हात मांडीवर. त्याच हॉपकिन्सवाल्यांनी २०२४ ला दाखवलं की हात मांडीवर ठेवला तर वरचं साधारण ४ ने आणि बाजूला लोंबकळत ठेवला तर साडेसहाने जास्त येतं. म्हणून आम्ही प्लास्टिकची खुर्ची आणि घडीचं छोटं टेबल गाडीत टाकूनच निघतो. नवीन इंटर्न ब्लाउजची बाही वर गुंडाळतात, घट्ट बाही वर सरकवली की दंडाला फासच बसतो, त्यापेक्षा पातळ बाहीवरून कफ लावलेला बरा किंवा आडोशाला ताईंनी बाही काढून घ्यावी. आणि चहा. आपण घरात पाऊल ठेवलं की चहा चढतोच, नाही म्हटलं तर राग येतो, त्यामुळे आधी बीपी मग चहा हे आशाताईच बरोबर सांगतात, माझ्याच्याने होत नाही. एका आजीने मला सुनावलं पण, "बोलू नको म्हनतीस आन् पोरं किती इचारतीस, मी काय करू?" बरोबरच होतं त्यांचं. प्रश्नावली आता आम्ही रीडिंग संपल्यावर उघडतो.

बीपी जास्त असेल तर मशीन एकदा फुगून परत अजून जोरात फुगते, म्हातारी माणसं घाबरतात, आधी सांगून ठेवा. मेमरीत रीडिंग राहतात पण कोणाचं कुठलं ते नाही, त्यामुळे लगेच फॉर्मवर लिहायचं. ब्लूटूथवालं मॉडेल घ्यायचा मोह होईल, घेऊ नका, त्याचा डेटा आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जातो आणि एथिक्स कमिटीत पहिला प्रश्न हाच येतो की सर्व्हर कुणाचा, मग बसा संमतीपत्र बदलत. सेल चांगले घ्या, स्वस्तातले फार लवकर मान टाकतात.

मशीनला ४ स्टार, बॉक्समधल्या कफला २. घरी आई-बाबांसाठी घेत असाल तरी शिंप्याची टेप घेऊन दंडाच्या मधोमध माप घ्या आणि मगच ऑर्डर टाका. आकडा ३२ च्या वर किंवा २२ च्या खाली आला तर दुकानदाराला मशीनच्या आधी कफ विचारा, त्याच्याकडे नसेल तर दुसरं दुकान बघा.