घर विकायचं नाही, तरी व्हॅल्युएशन करून घेतलं : लातूरचा अनुभव

औसा रोडच्या बाजूला आमचं घर आहे. विकायचं नाही, त्यावर कर्जही काढायचं नाही. तरी दिवाळीनंतर मी सरकारमान्य व्हॅल्युअरला बोलावून त्याचं रीतसर मूल्यांकन करून घेतलं. ज्याला कळलं त्यानं हेच विचारलं, "वहिनी, घर काढायलात का?" आपल्याकडे विकायची वेळ आल्याशिवाय घराची किंमत कुणी काढत नाही. मला वाटतं, त्याची खरी गरज घरातली माणसं एकमेकांशी नीट बोलतात तेव्हाच असते.

माझी मुलगी लातुरातच असते, मुलगा पुण्याला. आमचे हे गेल्यावर दोघांनी हक्कसोडपत्र करून दिलं आणि घर माझ्या एकटीच्या नावावर झालं. आता मृत्युपत्र करायचं आहे. घर मुलीला, आणि ठेवी व निलंग्याकडची जमीन मुलाला, असं माझ्या मनात आहे. दोघंही म्हणतात, "आई, तू करशील ते बरोबर." पण बरोबर म्हणजे किती, हे मलाच माहीत नव्हतं. धाकटे दीर म्हणाले, सहज नव्वद लाख येतील. ओळखीच्या एजंटानं त्याहून जास्त सांगितलं आणि लगेच गिऱ्हाईक आणू का म्हणून विचारलं. रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्यानं हिशेब केला तर आकडा बराच खाली आला. तो दर त्या भागाचा असतो, मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ठरवलेला. माझ्या घराचा स्लॅब कसा आहे, हे त्या तक्त्याला कुठून कळणार?

व्हॅल्युअर आमच्या वकिलांच्या ओळखीचे. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पत्त्याचा नव्हता, "मावशी, किंमत कशासाठी पाहिजे?" तिथंच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. एकाच घराचे आकडे कामाप्रमाणे वेगळे निघतात, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. वाटणीला आजची बाजारातली किंमत लागते. विम्याला फक्त बांधकामाचा आजचा खर्च लागतो, जमीन त्यात धरत नाहीत. बँक तर घाईत विकलं तर किती येतील तेही बघते. तुमच्याकडे येणारा माणूस हे न विचारता थेट आकडा सांगत असेल, तर तो आकडा घेऊ नका.

आले ते सोबत एका मुलाला आणि लेझरचं मोजयंत्र घेऊन. प्लॉट १,५०० चौरस फूट, दोन्ही मजल्यांचं बांधकाम १,८०० चौरस फूट. मोजून झालं तरी बराच वेळ थांबले. गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब ठोकून बघितला, कोपऱ्यातली उघडी पडलेली गंजकी सळई फोटोत घेतली. पुढचा रस्ता मोजला, चतुःसीमा लिहून घेतल्या. मागची खोली मंजूर नकाशात नाही, ती त्यांनी कागदावर वेगळी दाखवली आणि किंमतीत धरली नाही. मुलगी थोडी नाराज झाली, पण मला ते पटलं. परवानगी नसलेल्या खोलीवर तिचा हिस्सा मोजणं बरं नव्हे.

वरच्या दोन खोल्यांत ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली भाड्यानं राहतात. लातुरात हे घरोघरी आहे. त्यांचं भाडं विचारून त्यांनी उत्पन्नाच्या बाजूनंही किंमत ताडून पाहिली. हौदाचीही नोंद घेतली. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यानंतर आम्ही हा मोठा हौद बांधला. मी तो सहज दाखवला, त्यांनी टेप लावून मापं घेतली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खांबांपाशी. घर १९९८ चं, किल्लारीच्या भूकंपानंतरचं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं छत, अंगावर येऊन माणसं गेली. म्हणून ह्यांनी पैसे कमी पडत असतानाही आरसीसीचे खांब आणि तुळया टाकायचा हट्ट धरला होता. व्हॅल्युअरनी "फ्रेम स्ट्रक्चर आहे" असं लिहिलं आणि इमारतीचं आयुष्य ६० वर्षं धरलं. ह्यांच्या त्या हट्टाची दखल कुणीतरी कागदावर घेतली, याचं मला फार समाधान वाटलं. माहेरच्या माळवदाच्या वाड्याचंही मी विचारून घेतलं. तशा घरात भिंतींना फारशी किंमत येत नाही, पण सागवानी खांब, तुळया आणि दारं बाजूला मोजतात, असं ते म्हणाले. भावाला लगेच फोन करून सांगितलं.

हिशेब असा झाला. जमीन ३,००० रुपये फुटानं ४५ लाख. बांधकाम आज नव्यानं करायचं तर १,८०० रुपये फुटानं ३२ लाख ४० हजार. २७ वर्षांची झीज साडेचाळीस टक्के धरली, राहिले साधारण १९ लाख २८ हजार. हौद, कंपाउंड वगैरे धरून एकूण ६५ लाख. दिरांच्या आकड्यापेक्षा बराच कमी. पण प्रत्येक रकमेपुढं कारण आहे, आणि जमिनीच्या दरासाठी शेजारच्या भागातल्या नोंदलेल्या खरेदीखतांचा आधार दिला आहे. मुलानं पुण्याहून अहवाल वाचला आणि म्हणाला, "ताईला हे घर, मला ते. चालतंय."

विम्याचं कामही यातच झालं. भारत गृह रक्षा पॉलिसीत भूकंप धरलेला असतो आणि रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते. म्हणजे मला विमा लागतो तो ३२ लाखांच्या आसपासचा, ६५ चा नाही. शिवाय त्यांनी स्वतःहून १ एप्रिल २००१ ची किंमत वेगळ्या पानावर काढून दिली. घर त्याआधीचं असल्यामुळं मुलीनं पुढं कधी विकलं, तर कॅपिटल गेनच्या, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या कराच्या हिशेबात ही किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, मात्र त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याच्या वर नाही. हे पान मी मृत्युपत्राच्या फाइलला लावणार आहे.

दोन गोष्टी खटकल्या. अहवाल सगळा इंग्रजीत. माझ्यासारखीनं वाचायचा कसा? आग्रह धरल्यावर एका पानाचा मराठी गोषवारा दिला, तोही सही-शिक्क्यासह. खरं तर तो मागावाच लागू नये. दुसरं म्हणजे ठरल्यापेक्षा अहवाल उशिरा मिळाला. फी ५,००० रुपये, आधी सांगितली तेवढीच घेतली, पावती दिली.

बोलावण्याआधी खरेदीखत, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, एनए (बिगरशेती) आदेश, बांधकाम परवाना आणि नकाशा, चालू कराची पावती काढून ठेवा. घर गुंठेवारीतलं, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं असेल, तर ते नियमित केल्याचं प्रमाणपत्रही. हे प्रमाणपत्र नसलं की किंमत खाली येते, हे त्यांनी शेजारणीला स्पष्ट सांगितलं. आणि व्हॅल्युअरला त्याच्या नोंदणीचा दाखला विचारायला संकोच करू नका. आम्ही विचारला तेव्हा त्यांनी आनंदानं दाखवला.

आकडा अहवालावरच्या तारखेपुरताच असतो, हेही त्यांनी लिहून दिलंय. मृत्युपत्र याच महिन्यात करून घेणार आहे. मागच्या खोलीची परवानगी मिळाली की त्यांनाच परत बोलावीन.