पुडी लागू पडली, म्हणूनच फसलो

दिवसाला औषधाच्या दोन पुड्या, एक पुडी २०० रुपये. चार महिन्यांत ४८,००० रुपये गेले. पैशांचं वाईट वाटतंच, पण आईच्या जिवावर बेतलं होतं, म्हणून हे लिहितोय.

आई ५६ वर्षांची. मागच्या चैत्रात डंकावरून चटणी कांडून आणली आणि चव बघायला चिमूटभर जिभेवर ठेवली, तर ती कळवळलीच. जन्म कोल्हापुरात गेलेली बाई तिखटाला रडत नाही. तोंड आलंय, उष्णता वाढलीय असं समजून गुलकंद झाला, बी-कॉम्प्लेक्स झालं. दोन महिन्यांत गालाच्या आतली साल निघायला लागली. भाकरी दुधात कुस्करून, तीही गार करून खायची. त्वचेच्या डॉक्टरांनी तोंड बघितलं आणि तुकडा काढून तपासायला हवा म्हणाले. मामा म्हणाला, तुकडा काढला की पसरतं. आम्ही घरी परतलो. ही चूक आमची.

पुढं छातीवर, पाठीवर फोड उठले. शेजारच्या काकू म्हणाल्या नागीण आहे, आणि पेठेतल्या एका बोळातल्या माणसाचं नाव सांगितलं. दारावर पाटी नव्हती. त्यानं नाडी धरली, तोंडात मात्र डोकावलासुद्धा नाही. ‘‘आक्का, रक्तात उष्णता हाय. तीन म्हैन्यात मुळासकट काढतो. फकस्त इंग्रजी औषध बंद करायचं.’’ पैसे रोख, पावती नाही. पुडी उजेडात धरली की तपकिरी भुकटीत पांढरे बारीक कण वेगळे दिसायचे. विचारलं तर म्हणाला, ‘‘शंखभस्म.’’

आणि गुण आला! आठवड्यात तोंडातली आग कमी झाली, आईनं कित्येक दिवसांनी भाकरी चावून खाल्ली. पाठीवरचे फोड सुकले. भूक एवढी वाढली की रात्री उठून खायची. चेहरा भरला, पाहुणे म्हणाले, अंग धरलं की. मी स्वतः तीन घरांत त्या माणसाचा पत्ता दिला.

चार महिन्यांनी तो काही न सांगता गावाला गेला. खोलीला कुलूप, पुड्या संपलेल्या. तिसऱ्या दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या, उठून बसली की चक्कर, वरचं बीपी ८० वर. फोड दुपटीनं उठले. पाठ चादरीला चिकटली होती, ती पाण्यानं भिजवून सोडवावी लागली. ते मी विसरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा पुडीचंच विचारलं. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, जवळजवळ नव्हतंच. पुडीतून असं बाहेरून रोज स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात, आणि ते एकदम तुटलं की माणूस असा कोसळतो. गोल चेहरा, ती भूक, कधी नव्हती ती साखर, सगळं त्यातलंच.

मग तुकडा काढलाच. खरं तर दोन काढले, दोन वेगळ्या बाटल्यांत: एक फोडाच्या कडेचा, दुसरा शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. जागा बधिर केली, आई हूं की चूं बोलली नाही. निदान आलं पेम्फिगस व्हल्गारिस. आपलंच शरीर कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनावर उलटतं. बऱ्याच जणांत सुरुवात तोंडातून होते, आणि तिथला फोड लगेच फुटत असल्यानं दिसतं ते नुसतं सोललेलं. हा संसर्ग नाही, उष्णता नाही, नागीणही नाही. नागीण बहुधा एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. या आजारावर मुख्य औषध स्टिरॉइडच आहे. १९५० च्या दशकात ते येण्याआधी यातले बहुतेक रुग्ण दगावत. म्हणजे आईला जे खरंच लागणार होतं, तेच तिला चोरून दिलं गेलं. माप नाही, साखरेची तपासणी नाही, हळूहळू कमी करणं नाही. आता प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मोजून चालू आहे, सोबत कॅल्शियम. टीबी आणि कावीळ बीच्या तपासण्या करून रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्तीचा हा उलटा हल्ला दाबणाऱ्या औषधाची १००० मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं पंधरा दिवसांच्या अंतरानं दिली. डॉक्टरांनी मुळासकट वगैरे शब्द एकदाही वापरला नाही. वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल, एवढंच म्हणाले.

आईला घरी आणल्यावर मी त्या तिन्ही घरी गेलो. एका घरी पुड्या कधीच सोडल्या होत्या. दुसऱ्या घरी गुडघेदुखीसाठी पुड्या घेणाऱ्या मावशी ऐकता ऐकता उठल्या आणि डबा मोरीत ओतायला निघाल्या. त्यांचा हात धरला. म्हटलं, मावशी, एकदम बंद करायचं नाही, हे असंच घेऊन डॉक्टरांकडे चला. डॉक्टरांनी त्यांना मोजून गोळ्या दिल्या, त्या आठवड्या-आठवड्यानं उतरवतायत. त्यांच्याच उरलेल्या पुड्या जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. आमच्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

तिसऱ्या घरच्या काकांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मला तर गुण आलाय बघ.’’ त्यांचा चेहरा आईसारखाच गोल झालाय. उद्या परत जाणार आहे, या वेळी आईला घेऊन.