भंगारातला टेलिप्रिंटर हॅम रेडिओवर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जालन्याच्या भंगार बाजारातून थेट भट्टीत जाणारा एक टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणारे यंत्र, मला गेल्या वर्षी मिळाला. मद्रासच्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स लिमिटेड या सरकारी कारखान्याने इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीच्या सहकार्याने जी यंत्रे बनवली, त्यांपैकी हे एक. एका बंद पडलेल्या दैनिकाच्या कार्यालयातून ते तिथे पोहोचले होते. "साहेब, हे चालत नाही, वजनावरच घ्या," असे भंगारवाल्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि मीही ते वजनावरच घेतले. दुरुस्तीत चार महिने गेले. डिसेंबरपासून ते परभणीला माझ्या घरी हॅम, म्हणजे हौशी, रेडिओ सेटला जोडलेले असून बहुतेक संध्याकाळी चालते.

यंत्र उघडल्यावर मोडलेले असे फारसे काही सापडले नाही. फेल्टच्या चकत्यांमधले तेल वाळून त्याचा डिंक झाला होता आणि त्यावर आपल्याकडची मुरमाची बारीक धूळ बसून सगळ्या दांड्या जागच्या जागी अडकल्या होत्या. रॉकेल, जुना दातघासणीचा ब्रश आणि संयम एवढ्यावर निम्मे काम झाले. अडकलेली दांडी पकडीने ओढू नये, हे मी एक स्प्रिंग गमावल्यावर शिकलो. वंगण म्हणून शिलाई मशीनचे तेल वापरले ते हिवाळ्यात उत्तम होते. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला तेव्हा मात्र ते ओघळून कागदावर डाग पडू लागले आणि मला अधिक दाट तेलाकडे वळावे लागले.

खरा वेळ गेला तो विद्युत भागात. आलेल्या संकेतानुसार अक्षराची निवड करणाऱ्या चुंबकाला ४० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, तेवढा तर २४ व्होल्टवरही मिळतो, असा हिशेब करून मी लहान पुरवठा जोडला आणि कागदावर निव्वळ गोंधळ उमटला. चुंबकाच्या वेटोळ्यात प्रवाह एकदम चढत नाही. परिपथातला रोध जितका जास्त, तितका तो लवकर चढतो, आणि जास्त रोधातून तेवढाच प्रवाह ढकलायचा तर विद्युतदाबही (व्होल्ट) जास्त लागतो. म्हणून आता १२० व्होल्ट डीसी आहे, वेटोळ्यासह एकूण रोध सुमारे तीन हजार ओहम आहे आणि चालू-बंद करण्याचे काम एमजेई ३४० हा ट्रान्झिस्टर करतो. वेटोळ्यावर उलटा डायोड लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याने चुंबक सोडायला उशीर करतो. त्याऐवजी रोध आणि कपॅसिटरची जोडी बरी. हा पुरवठा घरच्या विजेपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर पैसे वाचवू नयेत.

पुढची अडचण वेगाची. टेलिप्रिंटरच्या प्रत्येक अक्षरात पाच चालू-बंद खुणा, म्हणजे बिट, असतात आणि सेकंदाला किती बिट जातात ते बॉडमध्ये मोजतात. हॅम मंडळी रेडिओ टेलिटाइप (रेडिओवरचा टेलिप्रिंटर) बहुधा ४५.४५ बॉडने चालवतात आणि आपल्या तारखात्याचे यंत्र ५० बॉडचे, म्हणजे एका बिटाला तिकडे २२ मिलिसेकंद आणि इकडे २०. अक्षराच्या आरंभीच्या स्टार्ट बिटापासून यंत्र मोजणी सुरू करते आणि पाचवा बिट त्याच्या मध्यावर, म्हणजे ११० व्या मिलिसेकंदाला वाचते. रेडिओवरून येणारा पाचवा बिट नेमका त्याच क्षणी सुरू होत असतो. काही अक्षरे बरोबर, काही चूक, असे चित्र दिसले की वायरिंगमध्ये शोधाशोध न करता हा हिशेब आधी मांडावा. मी प्रथम गव्हर्नरचा (मोटरचा वेग ठरावीक ठेवणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून वेग नऊ टक्क्यांनी उतरवला, पण मोटर तापली की तो पुन्हा हलायचा. अखेरीस गव्हर्नर मूळ खुणेवर आणला आणि वेगाचे रूपांतर अर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाकडे सोपवले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. ५० बॉडला यंत्र मिनिटाला ४०० अक्षरे पाठवू शकते आणि माझी बोटे त्याच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे पाठवतानाही अक्षरे तुंबत नाहीत.

गव्हर्नरच्या संपर्कबिंदूंवर ठिणग्या उडतात आणि त्यांची खरखर थेट रिसीव्हरमध्ये येते. संपर्कांवर कपॅसिटर, मोटरच्या वायरवर फिल्टर आणि फेराइटची कडी लावल्यावर ती बरीच घटली. कमकुवत स्टेशन मात्र आजही मोटर बंद करूनच ऐकावे लागते. ही तक्रार कायम आहे.

१४.०८० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात संध्याकाळी सिग्नल चांगले असले की कागद स्वच्छ निघतो. पाठवताना वाहक लहर अखंड चालू राहत असल्यामुळे सेट तापू नये म्हणून शंभर वॅटचा सेट मी चाळीसवर ठेवतो. संगणकावरील प्रोग्रॅम हीच कामगिरी अधिक अचूक आणि निःशब्द करतो, हे मान्यच केले पाहिजे. या यंत्राला फक्त ठळक सिग्नल मानवतो. एखादा कडकडाट आला आणि अंक-बदलाचा संकेत (पुढच्या खुणा अक्षरे नसून अंक आहेत हे सांगणारा) चुकला की '५९९' (सिग्नल उत्तम, असा हॅम मंडळींचा शेरा) च्या जागी 'टीओओ' ही रोमन अक्षरे उमटतात. सरावाने ते डोळ्यांना आपोआप ५९९ दिसू लागते.

भारतीय यंत्रांत अंकस्थितीतला 'डी' म्हणजे "तुम्ही कोण?" हा प्रश्न; अमेरिकी यंत्रांत तीच खूण डॉलरची आहे. त्यामुळे पलीकडून कोणी डॉलर पाठवला की माझे यंत्र आपला उत्तर-ड्रम (स्वतःची ओळख आपोआप पाठवणारा दातेरी ड्रम) फिरवून त्या बंद पडलेल्या दैनिकाचा तारसंकेत आलेल्या मजकुरातच घुसडायचे. ड्रमचे दाते कायमचे मोडलेले असल्याने तो संकेत बदलता येत नाही. मी त्याची दांडी तेवढी सोडवून ठेवली आहे. अंकस्थितीतला 'जे' घंटा वाजवतो. जूनच्या वादळी रात्री नुसत्या खरखरीवर ती वाजत राहिली, तेव्हा आतल्या खोलीतून आई म्हणाली, "अरे, दारात कोण आलंय बघ की." घंटेवर आता फेल्टचा तुकडा आहे.