टू-डी अ‍ॅरेत रँडम अक्षरं: 'ए' मध्ये आकडा मिळवायचा की स्ट्रिंगमधून उचलायचं?

सी मध्ये टू-डी अ‍ॅरे (ओळी-रकान्यांचा तक्ता) रँडम अक्षरांनी भरायच्या दोन पद्धती आहेत. लूपमध्ये लूप आणि मेनच्या सुरुवातीला एकदाच एसरँड (रँडम आकड्यांची सुरुवात कुठून ते ठरवणारं फंक्शन), हे दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे त्यात जात नाही. (एसरँड आतल्या लूपमध्ये टाकून, सगळ्या घरांत एकच अक्षर आलं म्हणून कंपायलरला शिव्या सगळ्यांनीच घातल्यात.) प्रश्न आतल्या एका ओळीचाच आहे.

पहिली पद्धत म्हणजे 'ए' + रँड() % २६, म्हणजे रँडम आकड्याला २६ ने भागून उरलेली बाकी (० ते २५) 'ए' च्या कोडमध्ये मिळवायची. सुटसुटीत आहे, मीपण बरेच दिवस हेच लिहायचो. दुसरीत सगळी अक्षरं एका स्ट्रिंगमध्ये लिहून ठेवायची आणि रँडने इंडेक्स काढून त्यातलं एक उचलायचं.

माझं मन कशामुळे फिरलं ते सांगतो. शब्द शोधायचा गेम करत होतो, १० बाय १० चा, आणि डोक्यात "शून्य ते पंचवीस" घोळत होतं म्हणून हात २५ लिहून गेला. ग्रिड एकदम मस्त दिसत होता! आठवड्याने एका मित्राने विचारलं, यात झेड कधी येतच नाही का रे? शंभर घरांत एखादं अक्षर नाहीये हे डोळ्याला कळतच नाही हो, आणि कंपायलर तर गप्पच. तिथे जाम वैताग आला.

स्ट्रिंगमध्येही शेण खाल्लंच मी, खोटं कशाला बोलू. % च्या पुढे नुसता साइझऑफ (साइझ सांगणारा ऑपरेटर) टाकला, तो शेवटचा नल (स्ट्रिंग संपल्याची न दिसणारी खूण) धरून २७ देतो, एक वजा करायचं राहिलं. पण पहिल्याच रनला तीन ओळी आखूड, उजवी कड वेडीवाकडी, पाच मिनिटांत चूक सापडली. फक्त स्ट्रिंग अ‍ॅरे म्हणूनच डिक्लेअर करा, पॉइंटर (नुसता मेमरीतला पत्ता) ठेवलात तर साइझऑफ पॉइंटरची साइझ देईल आणि पहिली काही अक्षरंच येत राहतील.

पुढे शब्द जुळेनात, स्वर कमी पडत होते, तर स्ट्रिंगमध्ये 'ए' आणि 'ई' आणखी दोनदा टाकले, विषय संपला. हेच पहिल्या पद्धतीत करायला गेलात की इफची रांग लागते.

सी स्टँडर्ड फक्त अंक सलग असण्याची हमी देतं, अक्षरांची नाही, इबीसीडीकमध्ये (आयबीएम मेनफ्रेमवरचं अक्षरांचं कोडिंग) 'आय' आणि 'जे' च्या मध्ये फट आहे, असंही एक कारण देतात, पण तिथे कोड चालवणारे आपल्यात किती!

लॅबमध्ये दहा मिनिटांत दाखवायचं असेल तर पहिली पद्धत बिनधास्त वापरा, २६ नीट लिहा म्हणजे झालं. मी मात्र हल्ली ३ बाय ३ च्या टेस्टलाही स्ट्रिंगच घेतो.