डी अँड डीच्या मिनी आणि मापांचा घोळ: बरेच महिने खेळल्यानंतर

आमच्या गटाची डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन टेबलावर खेळायचा कल्पनाविश्वातला खेळ) कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एकच गोष्ट, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली आणि अजून रखडत का होईना, चालू आहे. रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक इंची चौकटींचा मॅप पसरतो आणि त्यावर चार ठिकाणांहून जमवलेल्या मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, उभ्या राहतात. रेपर कंपनीच्या प्लास्टिकच्या ‘बोन्स’, विझकिड्स कंपनीच्या ‘नोल्झर्स’, हीरो फोर्ज या संकेतस्थळावर डिझाइन करून इथेच पुण्यात थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या काही, आणि एका मित्राच्या काकांकडून आलेल्या जुन्या धातूच्या २५ मिमी मिनी. सगळ्या शेजारी शेजारी ठेवून इतके दिवस खेळल्यावर मापाबद्दल माझं जे मत झालंय, तेवढंच लिहितेय. रंगकामावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पाकिटावरच्या आकड्यावर माझा आता काडीचाही विश्वास नाही. २८ मिमी ही नुसती उंची झाली, आणि ती कुठून कुठपर्यंत मोजायची यावर उत्पादकांचं एकमत नाही. कोणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कोणी टाळूपर्यंत. गणपतीची मूर्ती ठरवताना उंची मुकुटासकट की त्याशिवाय हे आपण विचारून घेतो. इथे विचारायला समोर कोणी नसतं. डोळ्यांपर्यंत २८ असलेली मिनी टाळूपर्यंत ३० च्या घरात जाते. शिवाय ‘हिरोइक’ नावाचा प्रकार आहेच. त्यात डोकं, हाताचे पंजे, तलवारी मुद्दाम जाड केलेल्या असतात, म्हणजे टेबलापलीकडून नीट दिसतात आणि रंगवायला सोपं जातं. अशी मिनी उंचीला सारखी असली तरी प्रमाणबद्ध मिनीशेजारी दांडगी वाटते. त्यात गेल्या काही दशकांत सगळा बाजारच २५ वरून २८ आणि तिथून ३२ असा फुगत गेलाय. २५ ते ३२ हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण उंची सव्वापट झाली की आकारमान दुप्पट होतं. काकांचा धातूचा योद्धा आमच्या नव्या पॅलाडिनशेजारी (धर्मयोद्ध्याशेजारी) ठेवला की तो त्याची ढाल उचलायला आलेला पोरगा दिसतो.

मग खरं माप कुठून घ्यायचं? मॅपवरून. एक इंच म्हणजे ५ फूट, म्हणजे प्रमाण बरोबर १:६०. हे एकदा धरलं की बाकी सगळं कॅलिपर आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर सांगतो. पाच फूट आठ इंचांचा माणूस २९ मिमी. साडेचार फुटी ड्वार्फ (बुटक्या जमातीतला) २३. तीन फुटी हाफलिंग जेमतेम १५. नऊ फुटी ओगर ४६, आणि १६ फुटी हिल जायंट ८१. मी हे आकडे एका कार्डावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेत. मोजताना बेस, म्हणजे पायाखालची चकती, धरायचा नाही, केस आणि शिरस्त्राण धरायचं नाही, आणि वाकून उभ्या असलेल्या गॉब्लिनला मनातल्या मनात सरळ करायचं.

या कार्डाला तंतोतंत उतरणारी मिनी क्वचितच सापडते, आणि त्याची गरजही नाही. इतक्या सेशननंतर लक्षात आलं की माप चुकल्याचं डोळ्यांना खुपतं ते फक्त नायकांच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या, टोळीत. ड्वार्फ आणि माणूस एकाच उंचीचे दिसले की पहिल्या तासात कोणीतरी टोमणा मारतंच. उलट ओगर ४० चा असो की ५२ चा, त्याचा बेस ५० मिमी असला आणि तो चार चौकटी अडवून बसला की कोणी तक्रार करत नाही. राक्षसांचं माप बेस सांभाळतो. म्हणून पैसे आणि डोकेफोड दोन्ही नायकांवर खर्च करावी आणि ती सगळी पात्रं शक्यतो एकाच ठिकाणची घ्यावीत. आमचे महाकाय कोळी आणि मगर तर सरळ खेळण्यांच्या दुकानातले आहेत. ‘महाकाय’ म्हटल्यावर कोळ्याला कसलं आलंय प्रमाण!

हाफलिंगच्या बाबतीत मात्र हट्ट सोडावा लागतो. १५ मिमीच्या अंगावर नाकडोळे कोरणार कसे? मी पाहिलेले बहुतेक हाफलिंग मोठेच आहेत. ड्वार्फपेक्षा ठळक बुटका दिसला की मी घेते.

आता एकेकाबद्दल. रेपरची निवड अफाट आहे. २०१२ च्या किकस्टार्टरमध्ये या प्लास्टिक मालिकेला तीस लाख डॉलरच्या वर पैसे मिळाले होते, त्यावरून अंदाज यावा. यातली बरीच शिल्पं मूळची धातूच्या मालिकेतली, वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या हातांची. त्यामुळे फोटोवर जाऊ नये, कोणीतरी मोजपट्टीशेजारी ठेवलेला फोटो शोधावा. मऊ प्लास्टिकचा भाला वाकला तर गरम पाण्यात बुडवून सरळ करायचा आणि लगेच थंड पाण्यात धरायचा. फरशीवर पडली तरी काही होत नाही, आणि आमच्याकडे पडणं नेहमीचंच.

नोल्झर्स आधीच प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारून येतात. पावसाळ्यात हे वरदान आहे, कारण दमट हवेत गॅलरीत स्प्रे मारला की पृष्ठभाग खरखरीत होतो. आमच्या टोळीतले तिघं यातलेच आहेत आणि एकमेकांशेजारी शोभतात.

प्रिंट केलेल्या मिनीत माप आपल्या हातात असतं, निदान असायला हवं. एका दुकानाला आम्ही चार फाइल्स देऊन ‘३२ मिमी’ सांगितलं होतं. त्यांनी प्रत्येक फाइलची एकूण उंची ३२ केली, बेस धरून. हाफलिंग चोर ३२, ऑर्क ३२, आणि भाला डोक्यावर उगारलेली आमची बार्बेरियन भाल्याच्या टोकापर्यंत ३२! ती टोळीतली सगळ्यात बुटकी झाली. तेव्हापासून मिलिमीटरचा उच्चार करायचा नाही, टक्के सांगायचे आणि सगळ्या फाइल्सना एकच टक्का. ३२ ची फाइल २८ ला आणायची तर ८७.५ टक्के. रेझिन, म्हणजे प्रिंटचा कच्चा माल, जवळजवळ एक तृतीयांश कमी लागतं, पण मूळचा ०.८ मिमीचा धनुष्याचा दांडा ०.७ चा होतो, आणि रेझिन ठिसूळ असतं. हत्यारं जाड करता येत असतील तर डिझाइनमध्येच करून घ्यावीत.

देखावे घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सात फुटी दरवाजा १:६० ला ३६ मिमी येतो. ३२ ची मिनी चार मिमीच्या बेसवर उभी केली की तिचं डोकं थेट चौकटीला लागतं. आमच्या पुठ्ठ्याच्या तळघराचे दरवाजे मी ४२ मिमी केले आणि कोणाला कळलंही नाही.

काकांच्या २५ मिमी मिनी पडून नाहीत. त्या सगळ्या मिळून लुटारूंची एक टोळी झाली आहे. एका मापाचे दहा जण एकत्र आले की ते बुटके वाटत नाहीत, फक्त नायकांना भिडवताना मी त्यांना जाड बेसवर चढवते.

पुढच्या टप्प्यात स्टॉर्म जायंट येणार असं डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सूचित केलंय. २६ फूट, म्हणजे १३२ मिमी. एवढी मिनी विकत घ्यायची की पुठ्ठ्यावर चित्र चिकटवून उभं करायचं यावर गटात मतदान व्हायचंय. माझं मत पुठ्ठ्याला.