मोबाईलचा रिमाइंडर की खिशातली डायरी?

जर्नल घरी राहिलं, सबमिशनची तारीख डोक्यातून गेली, ऐन ओरलच्या सकाळी आयकार्ड सापडेना. ज्यांचं हे वरचेवर होतं त्यांना सल्ले दोनच मिळतात: ‘मोबाईलला लाव की’ किंवा ‘लिहून ठेवत जा’. इंजिनिअरिंगची वर्षं मी सिन्नर-नाशिक अप-डाऊन करत काढली आणि त्यात दोन्ही मनापासून वापरलं. कॉलेजरोडला रूम करून राहणाऱ्याला विसरलेली फाईल मधल्या सुट्टीत आणता येते. अप-डाऊनवाल्याची ती तीसेक किलोमीटर मागे असते, म्हणजे त्या दिवसाची सही गेलीच. माझं मत या अडचणीतून तयार झालंय, तेवढं धरून वाचा.

लांबच्या तारखांसाठी मोबाईलला तोड नाही. परीक्षेचा फॉर्म लेट फी लागायच्या आत भरायचा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा, एसटीचा पास संपायच्या आधी बोनाफाईड काढून ठेवायचं. अशी कामं कित्येक आठवडे मनातही नसतात आणि नेमक्या दिवशी आठवावी लागतात. छापील तारखांच्या डायरीची इथे पंचाईत होते. ती जानेवारीत सुरू होते आणि आपलं वर्ष पावसाळ्यात, त्यामुळे पुढच्या सेमची तारीख लिहायला पानच नसतं. नोटीस बोर्डाचा फोटो मात्र मी मोबाईलच्या जमेत धरत नाही. तिथल्या तिथे तारीख कॅलेंडरमध्ये टाकली तर ठीक, नाहीतर तो फोटो गॅलरीत पडून राहतो.

रोजच्या कामांचं मात्र वेगळं आहे. रिमाइंडर वेळेवर वाजतो, पण जागेवर वाजत नाही. समजा, संध्याकाळी साडेसहाला ‘ड्रॉइंग शीट घेणे’ लावलं. त्या दिवशी शेवटचं लेक्चर झालं नाही, लवकरची गाडी मिळाली आणि साडेसहाला बस मोहदरी घाट चढतेय. शीटचं दुकान मागे नाशिकमध्ये शालिमारला राहिलं. एका हाताने वरचा दांडा धरलेला, पाठीवरची सॅक मागच्या माणसाला लागतेय, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती सूचना बाजूला सारायची. सारली की स्क्रीन साफ होते, काम तसंच राहतं. स्नूझ केलं तर पुन्हा घाटातच वाजणार. रात्री नऊला लावावं तर तेव्हा आपण जेवायला बसलेलो. असं चार वेळा झालं की अंगठा न वाचताच सूचना सारायला लागतो. मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. साधं विसरणं एकवेळ परवडलं, कारण इथे ‘लावलंय ना’ म्हणून आपण ते काम मनातूनही काढून टाकलेलं असतं.

गिल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनिअल या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये, पुढे करायच्या कामांची आठवण दोन प्रकारची असते, असं मांडलं. एक घड्याळाला बांधलेली, दुसरी एखाद्या प्रसंगाला. पहिलीत मनाला स्वतःहून वेळेकडे लक्ष ठेवावं लागतं, दुसरीत समोर दिसणारी गोष्टच आठवण करून देते. पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये लिहिलं की ‘अमुक समोर आलं की तमुक करीन’ असं आधीच ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. घरातलं कालनिर्णयच बघा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं त्यावर असतं आणि सहसा चुकत नाही, कारण दूध येतं तिथेच ते भिंतीवर समोर दिसतं. विद्यार्थ्याची बहुतेक कामंही अशीच जागेला बांधलेली असतात. सही लॅबमध्येच मिळते, झेरॉक्स कॉलेजसमोर, ॲप्रन घरी दोरीवर.

म्हणून डायरी वापरायची तर तारखेप्रमाणे नाही, जागेप्रमाणे. माझ्या डायरीत तीन पानं चालू असायची: ‘लॅब’, ‘सीबीएस-शालिमार’ (सीबीएस म्हणजे नाशिकचा मध्यवर्ती बसस्टँड) आणि ‘घर’. लॅबच्या पानावर ‘प्रयोग 4 आणि 5 च्या सह्या, इंडेक्सवर तारखा’. घरच्या पानावर ‘ॲप्रन धुवायला, कॅल्क्युलेटर सॅकमध्ये’. सकाळी बसमधून नाशिकचा द्वारका चौक आला की लॅबचं पान बघायचं, परतीच्या गाडीला जायच्या आधी सीबीएसचं, आणि घरी बूट काढायच्या आधी घरचं. झालेल्या कामावर रेघ मारायची. न झालेलं तिथेच राहतं, ते अंगठ्याने सारता येत नाही. दुसऱ्या दिवशी पान उघडलं की पुन्हा तेच समोर.

हे मोबाईलच्या नोट्समध्येही करता येईल, नाही असं नाही. काहींना जमतंही. पण एक ओळ लिहायला फोन उघडला की वर्गाच्या ग्रुपवरचे मेसेज आधी दिसतात, आणि बाहेरचे परीक्षक आले की फोन सॅकमध्ये ठेवावा लागतो. आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये वेळेऐवजी ठिकाण देता येतं. तसा फोन असेल तर माझी तक्रार बरीच कमी होईल. तरी कॉलेजच्या गेटपाशी वाजलेलं तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबपर्यंत लक्षात ठेवावंच लागतं.

डायरीचे तोटेही खरे आहेत. ती वाजत नाही. हरवली तर सगळंच गेलं, मोबाईलमधलं निदान दुसरीकडे साठवलेलं असतं. आणि डायरीच विसरणारे असतात, त्यांचं काय? माझ्यापुरता उपाय हा होता की पास डायरीच्या कव्हरमध्येच ठेवायचा. कंडक्टर पास मागणारच, म्हणजे डायरी घेतल्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही.

तुम्ही रूमवर राहत असाल, टाइमटेबल सहसा बदलत नसेल, तर एकटा मोबाईलही पुरेल कदाचित. अप-डाऊन असेल, रोज दोन-तीन ठिकाणची कामं असतील, तर मी डायरीच सुचवेन, आणि मोबाईलला फक्त लांबच्या तारखा ठेवा. लहानपणापासून प्रत्येकच गोष्टीत असं होत असेल, त्यापायी अभ्यास आणि घर दोन्ही कोलमडत असेल, तर या दोन्हींच्या भरवशावर राहू नका, मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. त्यात कमीपणा काही नाही.

नाशिकच्या मेन रोडला डायरी घ्यायला गेलात तर वरून उघडणारी स्पायरलची मागा, बसमध्ये उभ्याने लिहिता येते. पेन बॉलपेनच ठेवा, जेलची शाई पावसात पसरते.